येते हं

दिवा राहू द्या तसाच. डोळ्यांवर येत असेल तर खुर्ची थोडी सरकवून घ्या, पण मालवू नका. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर हे बोलायची वेळ मी टाळतेच.

मी सरकारी अनुदानांचं ऑडिट करायचे. ज्यांत माणसाला कुणी मनापासून 'या' म्हणत नाही, अशा नोकऱ्या जगात दोनच. एक वसुलीची, दुसरी माझी. आम्ही एखाद्या ऑफिसात पाऊल ठेवलं की तिथला चहा गोड होतो आणि माणसं कडू. माझं टोपणनाव 'कात्री' होतं. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण जिना उतरताना कानावर यायचं. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. खोटा खर्च कापण्याचाच मला पगार मिळत होता.

त्या दिवशी दुपारी आईकडे जेवून मी कामाला निघाले होते. आई शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहायची. वडील गेल्यापासून मी तिला माझ्याकडे चल म्हणत होते आणि ती "माझी खिडकी सोडून कुठे जाऊ?" म्हणत होती. आदल्या वर्षी ती न्हाणीघरात पडली आणि सकाळी दूधवाला येईपर्यंत तशीच पडून राहिली. तेव्हापासून माझ्या मनात एकच भीती घर करून बसली होती. ही एकटी असताना काहीतरी होईल आणि कुणाला कळणारसुद्धा नाही. म्हणून दिवेलागणीला मी तिला रोज फोन करायचे. "आई, आहेस ना?" "आहे गं बाई, पळून जाते की काय!" एवढं ऐकलं की माझा जीव भांड्यात पडायचा.

तर निघताना घाईघाईत मी म्हणाले, "चल आई, जाते."

जिना अर्धा उतरले तोच वरून हाक आली. "वर ये आधी!"

"आता काय?"

"माझ्या दारातून 'जाते' म्हणून निघालीस? पन्नाशी गाठलीस तरी जिभेला वळण नाही. नीट सांग."

खांद्यावर कागदांची पिशवी, छातीत धाप, आणि मी शाळकरी पोरीसारखी दारात उभी. "येते हं, आई."

"हं. ये," आई म्हणाली आणि तिचा चेहरा सैल झाला. निघणाऱ्याने 'येते' म्हणायचं, राहणाऱ्याने 'ये' म्हणायचं. लहानपणी यावरून मी धपाटे खाल्लेत. जे जातात ते परत येत नाहीत, असं तिचं साधं गणित होतं.

मी गेले ते एका पोलीस ठाण्यात. पोलीस आणि वस्तीतली माणसं यांच्यात ओळख राहावी म्हणून सरकारने त्या ठाण्याला अनुदान दिलं होतं. त्यातून त्यांनी 'सोबत' नावाची योजना चालवली होती. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या दारावर रोज संध्याकाळी एक हवालदार जाई, दार वाजवून विचारी, "आहात का?" आतून "आहे" आलं की पुढचं दार. दार उघडायचीही गरज नाही, दुखऱ्या गुडघ्यांना तेवढाच आराम. उत्तर आलं नाही, तर मात्र दार तोडून आत शिरायचं. मी आजवर पाहिलेल्या योजनांमध्ये मला ही एकच मनापासून आवडली. आईच्या भागात अशी काही सोय नव्हती. असती, तर मी जास्त शांत झोपले असते.

ठाण्याचा कारभार बघताना सगळं जागच्या जागी सापडत गेलं. इतकं, की माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. मी म्हणाले, "आज संध्याकाळी हवालदारांबरोबर फेरीला मीही जाईन. प्रत्यक्ष बघते."

"सगळी दारं?" कारकुनाने विचारलं. "शेवटचं सोडा मॅडम, तिथल्या बाई तर कधीच वार..." आणि ठाण्याच्या साहेबांना मोठा खोकला आला.

कारकुनाने जीभ चावली. मेलेल्या माणसाच्या दारावर रोज संध्याकाळी हवालदार जातो आणि त्याचा भत्ता सरकार भरतं! खरं सांगते, मला आनंद झाला. माशाला पाणी दिसावं तसा.

हवालदार निवृत्तीला आलेला, अंगाने भारी, पाय किंचित ओढत चालणारा होता. सगळी वस्ती त्याला मामा म्हणत होती. तासाभरात मीही मामाच म्हणायला लागले. ऊन उतरलं तसे आम्ही निघालो. मामा दार ठोकत नसत. बोटाच्या पेराने हलकेच वाजवत, जसं कुणी आजाऱ्याच्या खोलीत जाताना वाजवतं.

"मास्तर, आहात का?" एका म्हाताऱ्या शिंप्याच्या दारावर त्यांनी विचारलं.

"आहे बाबा! न्यायला येणारा पत्ता चुकलाय माझा."

"चुकू द्या. येतो हं."

"ये."

पुढच्या दारावर एक आजी करवादल्या, "नाही! मेले! जा, सांग ठाण्यात!"

"मेलेली माणसं एवढी ओरडत नाहीत, आजी. येतो हं."

"ये मेल्या, ये."

मला हसू आलं. प्रत्येक दारामागे मला माझी आईच दिसत होती. फेरी संपता संपता मी ठरवलंही होतं, की आईच्या भागातल्या ठाण्याला ही योजना सुरू करायला सांगायचं.

शेवटचं दार एका रिकाम्या इमारतीत होतं. पाडायला काढलेली, खिडक्यांच्या चौकटी नेलेल्या. उजेड सरत आला होता आणि आत तर तो नव्हताच. जिन्यात ओल्या चुन्याचा वास होता. वर चढू लागलो तसा त्यात दुसरा एक वास मिसळला. कोरडा, नाकात बसणारा. मला तो ओळखीचा वाटला, पण कशाचा ते आठवेना.

"मॅडम, तुम्ही खाली थांबता?" मामा म्हणाले.

"बघायला आले ते खाली उभं राहून कसं दिसेल?"

"मग एक ऐका. वर मी बोलेन. तुम्ही... काही बोलू नका."

वरच्या मजल्यावर एकच दार होतं. त्याला बाहेरून कुलूप होतं, गंजलेलं, कडीला धरून बसलेलं. मामांनी हातातला टॉर्च खाली वळवला आणि बोटाच्या पेराने दार वाजवलं.

"बाई... आहात का?"

काहीच नाही. खाली कुठेतरी वाऱ्याने पत्रा वाजत होता, तोही थांबला. मी मनातल्या मनात आक्षेपाचं वाक्य जुळवायला लागले होते. तेवढ्यात दारापलीकडून आवाज आला.

"...आहे."

बाईचा आवाज. स्वच्छ, हळू. माझ्या कानाच्या उंचीवरून नाही, खालून. कुणीतरी जमिनीवर बसून, फळीला तोंड लावून बोलावं तसा.

"जातो, बाई," मामा म्हणाले. कोरडं. सगळ्या दारांवर 'येतो हं' म्हणणारा माणूस इथे 'जातो' म्हणाला, हे मला त्याही घटकेला खटकलं.

आणि माझा फोन वाजला.

रोजची वेळ टळून गेली होती, म्हणून आईनेच केला होता. तिला ऐकू कमी यायचं, त्यामुळे ती फोनवर ओरडायची. त्या मोकळ्या जिन्यात तिचा आवाज भिंतीभिंतीवर आपटला.

"अगं, आहेस कुठे? आज फोन नाही केलास!"

"कामावर आहे, आई," मी कुजबुजले. "तू आहेस ना?"

"आहे की! एकटीच बसलेय. कधी येतेस?"

"उद्या. उद्या येते हं."

"ये गं! ये, ये!" आई म्हणाली आणि फोन बंद झाला.

जिना पुन्हा गप्प झाला. मामांनी टॉर्च विझवला होता, का ते मला कळलं नाही. मग दारामागून, त्याच खालच्या जागेवरून, कुणीतरी फार दिवसांनी खूश झाल्यासारखं म्हणालं,

"...येते."

आम्ही जिना कसा उतरलो, ते मला सांगता येणार नाही. रस्त्यावरच्या दिव्याखाली आल्यावर मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"फोनवर कोण होतं?"

"आई."

"एकटी असते?"

"हो. तुम्हाला काय करायचंय? आत कोणाला बसवलंय ते सांगा आधी. कुलूप दाखवायला आहे ना? मागून दुसरं दार असणार!"

मामा पायरीवर बसले. "बाई शाळेत शिकवायच्या. नवरा नाही, मूल नाही. आयुष्यभर पोरांची हजेरी घेतली, म्हातारपणी मी त्यांची घ्यायचो. एकदा मला बंदोबस्ताला लांब पाठवलं. 'येतो' म्हणून गेलो... आणि माझ्या जागी कुणालाच नेमलं नाही. परत आलो तेव्हा उशीर झालेला. दारापाशीच बसल्या होत्या. वाट बघत." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "कुलूप लागल्यावरही पाय सवयीने वर गेले माझे. हाताने सवयीने दार वाजवलं. आणि उत्तर आलं, मॅडम. तुम्ही ऐकलंत तेच."

"आणि मग तुम्ही रोज जाता?"

"विचारतोय तोवर तिथेच आहेत. 'आहे' म्हणतात आणि बसून राहतात. पण मी 'येतो' म्हणत नाही. 'येतो' म्हटलं तर त्या 'ये' म्हणणार... आणि त्या दाराशी 'ये' हा शब्दच नको, दोन्ही बाजूंनी. त्यांना आयुष्यात कुणी 'ये' म्हटलंच नव्हतं. आज तुमच्या आईने म्हटलं."

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. या बाईची मेल्यावरही गेली नव्हती, असं मला सांगितलं जात होतं, आणि मी ते सरकारी खर्चाने ऐकत होते. मी रागावले. भीती वाटली की मला राग येतो, लहानपणापासूनच.

दुसऱ्या दिवशी सकाळी, लख्ख उन्हात, मी साहेबांना घेऊन ते कुलूप उघडवलं. दुसरं दार नव्हतं. या खोलीची खिडकी तेवढी चौकटीसकट राहिली होती, तीही खिळे ठोकून बंद. खोलीत सामान नव्हतं, नुसती धूळ, बोट बुडेल एवढी, आणि तिच्यावर पाऊल कुणाचंच नाही. मात्र दाराला लागून फरशीचा एक तुकडा स्वच्छ होता. माणूस मांडी घालून बसला तर व्यापेल तेवढाच. तो कोरडा वास तिथे दाट होता आणि आता मला ओळखता आला. खडूचा. फळा पुसल्यावर वर्गात राहतो तसा.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मीही त्यांच्याकडे नाही.

मी आक्षेप लिहिला. हयात नसलेल्या व्यक्तीची विचारपूस ग्राह्य नाही, शेवटचं दार फेरीतून वगळावं, इमारत बंद करावी. साहेबांनी तसा हुकूम काढला. मामा मला गाठायला ठाण्याच्या फाटकापर्यंत आले.

"भत्ता कापा मॅडम, पेन्शन कापा. पण विचारू द्या. सरकारचं नाव नको, माझा मी जाईन."

"मामा, जिवंत माणसांचं बघा."

"त्यांचंच बघतोय," ते म्हणाले.

मी थांबले नाही. त्या दारापाशी पुन्हा कुणी उभं राहू नये, एवढंच मला हवं होतं. माझ्या भीतीला मी नियमाचं नाव दिलं. दुसऱ्याच दिवशी इमारतीला पत्रे लागले आणि आत पाय टाकायला मामांनाही वाट उरली नाही.

आईकडे मी जाऊन आले. सगळं ठीक होतं. बोलता बोलता तिला 'सोबत' योजनेचं सांगितलं. नंतर एकदा संध्याकाळी फोन केला, तर तिचा आवाज फुललेला.

"अगं, तुला सांगायचंच राहिलं, तुझी ती सोबतवाली योजना आमच्याकडेही आली!"

"कोण आलं होतं?"

"बाई आहे. रोज येते दोन-चार दिवस झाले. दार वाजवते, 'आहात का?' म्हणून विचारते. मी म्हणते, आहे. किती नीट बोलते! शिकलेली वाटते. मी म्हटलं, आत ये की, चहा टाकते. तर म्हणाली, आज नको."

"दार उघडलंस तू?"

"कशाला? उघडायचं नसतंच म्हणे. निघताना 'येते हं' म्हणते आणि मी 'ये' म्हणते. तुझ्यापेक्षा बरं वळण आहे तिला."

मी मिळेल ते वाहन पकडून आईकडे गेले. जिना चढताना श्वास धरून ठेवला होता, पण किती वेळ धरणार? तिच्या दारासमोर तो सोडला आणि नाक खडूच्या वासाने भरलं. उंबऱ्याबाहेरची फरशी धुळीने मळलेली होती. दारालगतचा एक तुकडा तेवढा स्वच्छ.

मी तिथेच राहिले. रजा टाकली. आईला खरं सांगायचा प्रयत्न केला, तर ती म्हणाली, "तुला कामाचा ताप चढलाय, काढा घे." दिवेलागण झाली की मी दारासमोर खुर्ची टाकून बसायचे, जिवाचा कान करून. कुणी आलं नाही. एकदाही नाही. हळूहळू आईच रुसायला लागली. "तू आल्यापासून ती येईनाशी झाली. पोलिसांनाही धाक तुझा!"

तेव्हा मला कळायला हवं होतं. ती फक्त एकट्या माणसाकडे येत होती.

मी आईला माझ्याकडे न्यायचं ठरवलं. ती एकदाची तयार झाली, तीही मी तिचे पाय धरले तेव्हा. तिच्यासाठी खोली लावायला म्हणून मी एका संध्याकाळपुरती घरी आले. फक्त एका संध्याकाळपुरती. पलंग लावला, खिडकीशी खुर्ची ठेवली आणि वेळ होण्याआधीच फोन लावला.

"आई, आहेस ना?"

"आहे गं. बोचकं बांधून बसलेय. उद्या लवकर ये."

"आज दार कुणी वाजवलं तरी उत्तर देऊ नकोस. माझी शपथ आहे तुला."

"बरं, बरं." मग ती थांबली. लांबून, फोनमधूनही, मला पेराने लाकूड वाजवल्याचा आवाज ऐकू आला. हलका. अदबीचा.

"आई, बोलू नकोस..."

"आहे!" आई ओरडली. सवयीने. मग बराच वेळ ती काही ऐकत होती. मला फक्त तिचा श्वास ऐकू येत होता. आणि मग ती बोलली, एकदम मोकळ्या आवाजात, जिन्यापाशी कुणी थांबलेलं असताना आपण घाईत बोलतो तशी.

"बरं, ठेवते. येते हं."

राहणाऱ्याने 'ये' म्हणायचं असतं. 'येते' निघणारा म्हणतो. माझ्या आईने सत्तर वर्षांत कधी यात चूक केली नव्हती. ती मला 'येते' म्हणाली की दाराबाहेरच्या बाईला, हे मला आजही माहीत नाही.

शेजाऱ्यांना फोन करून मी धावत निघाले. त्यांनी दार तोडलं. कडी आतून होती. आई दाराला टेकून जमिनीवर बसली होती, गाठोडं मांडीवर, नेहमीसारखी केस विंचरून. अंग अजून कोमट होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, त्रास झाला नाही. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, एवढं मी शपथेवर सांगते. पण तिच्या उजव्या हाताची बोटं पांढरी होती. खडू धरल्यासारखी.

मी नोकरी सोडली. मामा निवृत्त झाले. कधीमधी संध्याकाळचे येऊन बसतात, जसे आज तुम्ही बसला आहात. सोबत असली की माझं दार वाजत नाही.

एकटी असले की वाजतं. हलकेच, पेराने. "आहात का?" नाही विचारत. "आहेस का?" विचारतात. आवाज आईचा आहे. मी "आहे" म्हणते. आईला उत्तर न देणं मला जमलेलं नाही. पण निघताना "येते हं" म्हणतात, त्या मात्र दोघी असतात. म्हणून झाल्यावर जिन्यात पावलं वाजत नाहीत. दारापाशीच थांबून राहतात, मी 'ये' म्हणायची वाट बघत.

अजून मी म्हटलेलं नाही. पण लहानपणापासूनचं वळण आहे. रोज जिभेच्या टोकापर्यंत येतं.